गाडीचं जुनं वायरिंग काढून पीडीएम बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जुन्या गाडीत स्विच थेट दिव्याचा करंट वाहतो, किंवा एखादा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत-चुंबकी स्विच) चालवतो. फ्यूज बॉक्समधून निघालेली वायर डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत येते, तिथून परत पुढे हेडलाइटकडे जाते. पॉवर डिस्ट्रिब्युशन मॉड्यूल, म्हणजे पीडीएम, ही साखळी तोडतो. स्विच फक्त निरोप देतो, करंट कधी, किती आणि कुठे सोडायचा हे डब्यातला प्रोग्रॅम ठरवतो. आत रिलेऐवजी मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात आणि प्रत्येक आउटपुटचा करंट सतत मोजला जातो. मर्यादा ओलांडली की ते आउटपुट बंद होतं. वितळणारा फ्यूज नाही, खटखटणारा रिले नाही.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच. लॅपटॉपवर करायचं काम या प्रकल्पातलं सगळ्यात सोपं काम आहे. बहुतेक प्रकल्प अडकतात ते मोजमाप न करता वायर कापल्यामुळे. म्हणून या लेखातला बराच भाग कागद, मीटर आणि क्रिम्पिंगबद्दल (टर्मिनल वायरवर दाबून बसवण्याबद्दल) आहे.

## १. तुमच्या गाडीला हे जमेल का, ते आधी बघा

पीडीएम शोभतो तो रेस किंवा रॅलीच्या गाडीला, जुन्या गाडीच्या पूर्ण बांधणीला, इंजिन बदललेल्या गाडीला. अशा ठिकाणी वायरिंग नाहीतरी नव्यानेच करायचं असतं.

बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, दारं, काचा सांभाळणारा संगणक) असलेल्या आधुनिक गाडीत पूर्ण वायरिंग बदलायला जाऊ नका. तिथे इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), मीटर क्लस्टर, एबीएस, पॉवर स्टिअरिंग सगळे एकमेकांशी बोलत असतात. एक गायब झाला की बाकीचे रुसतात. तिथे पीडीएम हवाच असेल तर नंतर बसवलेल्या वस्तूंपुरता ठेवा: जादा दिवे, पंप, पंखे.

एअरबॅग, सीटबेल्ट प्रिटेन्शनर आणि एबीएसच्या वायरिंगला कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही. एअरबॅगची वायरिंग आणि कनेक्टर बहुधा पिवळे असतात. हे पीडीएमवर घेण्याचं काहीही कारण नाही. गाडी रस्त्यावर चालणार असेल तर दिव्यांचे नियम, तपासणी आणि विम्याच्या अटी काम सुरू करण्याआधी वाचून घ्या.

## २. साहित्य आणि हत्यारं

- पीडीएम, त्याच्या सगळ्या कनेक्टरचे जोडीदार आणि टर्मिनल. टर्मिनल मोजून नव्हे, दीडपट घ्या.
- पातळ इन्सुलेशनची ऑटोमोटिव्ह वायर. साध्या पीव्हीसीपेक्षा क्रॉस-लिंक्ड इन्सुलेशनची, १२५ अंश सेल्सिअसपर्यंतची वायर चांगली. घरगुती वायरिंगची वायर नको. ती उष्णता, तेल आणि थरथर सहन करत नाही.
- बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज, होल्डर, बॅटरी केबल, तांब्याचे लग (केबलच्या टोकाच्या कड्या).
- टर्मिनलच्या जातीनुसार क्रिम्पिंगचं हत्यार. उघड्या बॅरलचं वेगळं, डॉइच कंपनीच्या भरीव पिनांचं वेगळं. पक्कडीने दाबलेला क्रिम्प सहा महिन्यांनी सैल होतो.
- डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, इनरश (चालू होतानाची करंटची उसळी) मोजण्याची सोय असलेला. अनेक स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही.
- मल्टिमीटर, करंटची मर्यादा लावता येणारा बेंच पॉवर सप्लाय, २१ वॅटचे चार-पाच बल्ब.
- आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), कापडी टेप, विणलेली स्लीव्ह, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी), वायरवर चढवायची नंबरची लेबलं.

कनेक्टरच्या बाबतीत डॉइचची डीटी मालिका बरीच वापरली जाते. डीटीएमची पिन ७.५ अँपिअरची, डीटीची १३ आणि डीटीपीची २५ अँपिअरची. रेडिएटर फॅनला डीटी कनेक्टर लावला तर पहिल्याच उन्हाळ्यात प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल.

## ३. प्रत्येक लोड मोजा

लोड म्हणजे करंट ओढणारी प्रत्येक वस्तू: दिवा, मोटर, पंप. जुनं वायरिंग काढण्याआधीच हे करायचं. नंतर मोजायला काही उरत नाही.

इंजिन चालू ठेवून मोजा, म्हणजे बॅटरीवर १३.८ ते १४.२ व्होल्ट असतील. दिव्यांचा आणि मोटरचा करंट व्होल्टेजबरोबर वाढतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाचे आकडे कमी येतात. प्रत्येक लोडसाठी दोन आकडे लिहा: चालू झाल्याच्या क्षणीचा आणि स्थिरावल्यानंतरचा. अंदाज बरोबर आहे ना हे बघण्यापुरते काही ढोबळ आकडे:

- हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब: ४.५ ते ५ अँपिअर. गार फिलामेंट पहिले काही मिलिसेकंद याच्या दहापट ओढतं.
- फ्युएल पंप: ६ ते १५ अँपिअर.
- रेडिएटर फॅन: १५ ते २५ अँपिअर, सुरू होताना दुप्पट-तिप्पट, अर्धा ते एक सेकंदभर.
- वायपर मोटर: ओल्या काचेवर ३ ते ८, कोरड्या काचेवर जास्त, अडकली तर २० च्या वर.
- पॉवर विंडो: ५ ते १०. काच टोकाला पोचून मोटर अडते तेव्हा २० च्या वर.
- मागच्या काचेचा डीफॉगर: १० ते २०.

वायपरचं माप कोरड्या काचेवरही घ्या. ओल्या काचेवर घेतलेल्या आकड्यावर मर्यादा ठेवली की धुळीने भरलेल्या काचेवर वायपर अर्ध्यात थांबतो, आणि पावसाच्या पहिल्या सरीला काचेवर धूळच असते.

स्टार्टर मोटर पीडीएमवर येत नाही. ती दीडशे ते तीनशे अँपिअर ओढते, तिची जाड केबल बॅटरीपासून सरळच राहते. अल्टरनेटरची चार्जिंग केबलही तशीच, स्वतःच्या फ्यूजमधून बॅटरीकडे. स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टर जोडणाऱ्या विद्युत-चुंबकाला) काही गाड्यांत ओढून घेताना क्षणभर ३०-४० अँपिअर लागतात. म्हणून तिथे ४० अँपिअरचा एक साधा रिले ठेवा आणि रिलेची कॉइल पीडीएमने चालवा. रिले पूर्ण हद्दपार करण्याचा हट्ट धरू नका, दोन-तीन जागी तो अजूनही योग्य आहे.

## ४. सर्किटचा तक्ता बनवा

प्रत्येक ओळीत हे रकाने हवेत: सर्किट नंबर, लोडचं नाव, स्थिर करंट, सुरुवातीचा करंट, वायरची जाडी आणि रंग, पीडीएमची पिन, मधला कनेक्टर आणि त्याची पिन, कोणत्या इनपुटमुळे चालू होणार. हा तक्ता पूर्ण झाल्याशिवाय पीडीएम विकत घेऊ नका. किती आउटपुट लागतील हे त्यानंतरच कळतं. बाजारात १५-१६ आउटपुटपासून ३० च्या वर आउटपुट असलेले डबे मिळतात, आणि सगळी आउटपुट सारख्या ताकदीची नसतात. मोटेकच्या पीडीएम १५ मध्ये आठ आउटपुट २० अँपिअरची आणि सात ८ अँपिअरची आहेत. त्यामुळे नुसती संख्या नाही, मोठी आउटपुट किती ते बघा. आणि सगळ्यांची बेरीज डब्याच्या एकूण मर्यादेत बसते का, तेही.

वाटप करताना काही पथ्यं:

डावा आणि उजवा हेडलाइट वेगवेगळ्या आउटपुटवर. एका बाजूला शॉर्ट झालं तरी दुसरा जळत राहिला पाहिजे. टेल लॅम्पचंही तेच.

ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इग्निशन कॉइल आणि फ्युएल पंप प्रत्येकी स्वतंत्र. इंजेक्टर आणि सेन्सर एकत्र चालतील.

ज्या लोडला एक आउटपुट पुरत नाही त्याला दोन आउटपुट जोडून देता येतात, मात्र तुमच्या डब्याची तशी परवानगी असेल तरच. दोन्ही एकाच फंक्शनने चालवायची आणि दोन्ही वायर एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या हव्यात. नाहीतर एक जास्त करंट घेतं, आधी बंद पडतं, मग दुसऱ्यावर सगळा भार येतो.

दोन-तीन आउटपुट आणि तीन-चार इनपुट मोकळे ठेवा. काहीतरी विसरलेलं असतंच.

## ५. वायरची जाडी

गुच्छात बांधलेल्या आणि गरम जागेतून जाणाऱ्या वायरसाठी हे सावध आकडे धरा:

- ०.५ चौ. मिमी: ५ अँपिअर
- ०.७५ चौ. मिमी: ७
- १ चौ. मिमी: १०
- १.५ चौ. मिमी: १५
- २.५ चौ. मिमी: २०
- ४ चौ. मिमी: ३०

पण लांब वायरमध्ये तापण्याआधी व्होल्टेजची घट त्रास देते. १ चौ. मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम असतो. समजा पंप १२ अँपिअरचा आहे आणि पीडीएमपासून टाकीपर्यंत साडेचार मीटर वायर आहे. १ चौ. मिमीमध्ये सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ चौ. मिमी घेतली तर ०.३७ व्होल्ट. पंप, हेडलाइट आणि फॅनसाठी ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट होऊ देऊ नका. अर्थच्या (करंट परतीच्या) बाजूची घटही यातच धरायची, ती बहुतेकजण विसरतात.

सॉफ्टवेअरमधला फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. आउटपुट २० अँपिअरचं आहे म्हणून ०.५ ची वायर लावून मर्यादा २० वर ठेवली तर वायरच फ्यूजचं काम करेल. मर्यादा नेहमी वायरच्या क्षमतेखाली.

## ६. मुख्य पुरवठा, अर्थ आणि किल स्विच

बॅटरीपासून पीडीएमपर्यंतच्या केबलला पीडीएम वाचवू शकत नाही. त्यासाठी बॅटरीच्या टर्मिनलपासून २०-३० सेंटिमीटरच्या आत खराखुरा फ्यूज हवा. एकूण वापर ६० ते ८० अँपिअरचा असेल तर २५ चौ. मिमी केबल आणि १२५ अँपिअरचा मेगा किंवा मिडी फ्यूज बहुतेक गाड्यांना पुरतो.

पीडीएमच्या मुख्य स्टडवरचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. तिथल्या लूज कॉन्टॅक्टचा रोध फक्त ५ मिलिओहम धरला तरी ८० अँपिअरला ३२ वॅट उष्णता त्या एका बिंदूवर तयार होते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते.

पीडीएमची जागा केबिनच्या आत, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) जवळ. इंजिनच्या उष्णतेत नको, पायाखाली पाणी साचतं तिथेही नको. कनेक्टर खाली तोंड करून असावेत आणि ते काढण्यासाठी हात जाईल एवढी जागा सोडा.

अर्थ दोन प्रकारचा समजा. लोडचा अर्थ म्हणजे दिवे, मोटर, पंप यांचा. तो जवळच्या रंग खरवडलेल्या, घट्ट बोल्टवर. पीडीएमचा स्वतःचा अर्थ फक्त आतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी असतो, त्याला वेगळी वायर थेट मुख्य अर्थ बिंदूवर. सेन्सरच्या शून्य व्होल्टची वायर तिसरीच. ती बॉडीला कुठेही चिकटवायची नाही. इंजिन आणि बॉडीमधली जाड पट्टी विसरली की स्टार्टरचा करंट गिअरच्या केबलीतून किंवा सेन्सरच्या अर्थमधून वाट शोधतो, आणि मग निदान करता करता दिवस जातात.

किल स्विचबद्दल (आणीबाणीत सगळा पुरवठा तोडणारा स्विच): इंजिन चालू असताना बॅटरी एकदम तोडली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. अल्टरनेटरमध्ये ही उसळी दाबण्याची सोय नसेल तर ही लाट १२ व्होल्टच्या गाडीत ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते, आणि ती झेलण्याची ताकद प्रत्येक डब्यात नसते. म्हणून फक्त बॅटरी तोडणारा साधा दोन पिनांचा आयसोलेटर नको. असा किल स्विच घ्या ज्याचा दुसरा कॉन्टॅक्ट त्याच वेळी इग्निशन तोडतो, किंवा पीडीएमला इनपुट देऊन आधी इंजिन बंद आणि मग पुरवठा असा क्रम लावा.

## ७. स्विच: करंटवाले आता निरोपे होतात

इनपुट बहुधा ० ते ५ व्होल्ट मोजतो आणि आत १० किलोओहमचा पुल-अप (वायरला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) असतो. स्विच त्या वायरला अर्थ करतो, व्होल्टेज शून्यावर येतं, प्रोग्रॅमला कळतं. १२ व्होल्ट देणारा जुना ब्रेक स्विच तसाच ठेवायचा असेल तर तुमचा इनपुट १२ व्होल्ट सहन करतो का, ते मॅन्युअलमध्ये आधी बघा.

इथे एक खोच आहे. गाडीचे जुने स्विच चार-पाच अँपिअर वाहण्यासाठी बनवलेले असतात. त्या करंटची ठिणगी कॉन्टॅक्टवरचा काळा थर जाळून टाकत असे. आता त्यातून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर जातो, थर तसाच राहतो आणि स्विच दाबला तरी इनपुट लुकलुकतो. उपाय दोन: स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ करा, आणि बाहेरून ५ व्होल्टला १ किलोओहमचा पुल-अप लावा, म्हणजे ५ मिलिअँपिअर जाईल. शिवाय प्रोग्रॅममध्ये ३० ते ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (क्षणिक लुकलुक दुर्लक्षित करण्याचा वेळ) ठेवा.

इनपुट कमी पडले तर एका वायरवर अनेक बटणं बसवता येतात, प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर देऊन. पुल-अप १० किलोओहम आणि ५ व्होल्ट धरून:

- १ किलोओहम: ०.४५ व्होल्ट
- २.२ किलोओहम: ०.९०
- ४.७ किलोओहम: १.६०
- १० किलोओहम: २.५०
- एकही बटण दाबलेलं नाही: ५.००

सीमारेषा दोन आकड्यांच्या मधोमध ठेवा: ०.६८, १.२५, २.०५ आणि ३.७५. दोन बटणं एकत्र दाबली की वेगळंच व्होल्टेज येतं, त्यामुळे ब्रेक, हॅझर्ड, स्टार्ट आणि हेडलाइट या शिडीवर कधीच ठेवू नका. खिडक्या, केबिनचा दिवा, पेज बदलायचं बटण अशा गोष्टी ठीक.

## ८. जुनं वायरिंग काढणं

बॅटरी काढा. प्रत्येक कनेक्टरचा जागेवर असताना आणि सुटल्यावर असे दोन फोटो घ्या, लेबल लावा. हार्नेस (वायरचा पूर्ण गुच्छ) तुकडे न करता अख्खा बाहेर काढा आणि जमिनीवर पसरा. नव्याची लांबी आणि फांद्या कुठे फुटतात हे त्याच्यावरूनच कळतं. जे मूळ कनेक्टर नव्याने मिळणार नाहीत ते १५-२० सेंटिमीटर शेपटीसकट कापून ठेवा. जुना हार्नेस गाडी चालू होईपर्यंत फेकू नका.

## ९. नवा हार्नेस

दोरी गाडीत टाकून लांबी मोजा, दर टोकाला १५ सेंटिमीटर जास्त धरा. पीडीएमपासून सुरू करा. सगळ्यात लांब जाणाऱ्या वायर मधे, जवळ संपणाऱ्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे फांदी फोडताना गुंता होत नाही. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना सर्किट नंबरचं लेबल, हीटश्रिंक चढवण्याआधी.

क्रिम्प करताना उघड्या बॅरलच्या दोन कानांपैकी पुढचा तांब्यावर आणि मागचा इन्सुलेशनवर बसला पाहिजे. पुढच्या कानात इन्सुलेशन अडकलं असेल तर तो क्रिम्प वरून सुंदर दिसतो आणि आत जोड नसतो. पहिले पाच-सहा नमुने ओढून बघा. ०.५ चौ. मिमीच्या वायरने सहा किलोचा ओढा सहन केलाच पाहिजे.

टर्मिनलवर झाळकाम (सोल्डरिंग) करू नका. झाळ वायरच्या तारांमध्ये वर चढते, तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी त्या रेषेवर तुटते. जोड लागलाच तर क्रिम्प स्प्लाइस (दोन वायर दाबून जोडणारी नळी) आणि गोंदवाली हीटश्रिंक. दोन स्प्लाइस एकाच जागी येऊ देऊ नका, गुच्छ तिथे फुगतो आणि ग्रोमेटमधून जात नाही. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, आणि दर १५-२० सेंटिमीटरवर क्लिप. एक्झॉस्टपासून हातभर लांब.

## १०. कॅनच्या दोन वायर

ईसीयू, कीपॅड किंवा डॅश पीडीएमशी कॅनवर (उपकरणांनी एकमेकांना निरोप द्यायची दोन वायरींची लाइन) बोलणार असेल तर तिच्या हाय आणि लो या दोन वायर एकमेकींभोवती पिळून न्या, दर दोन-अडीच सेंटिमीटरला एक पीळ. वायर एका रेषेत जाते, चांदणीसारखी नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, मधे कुठेही नाही. पॉवर बंद करून हाय आणि लो मध्ये मीटर लावा: ६० ओहम आले तर बरोबर, १२० आले तर एक टोक राहिलं, ४० आले तर एखाद्या उपकरणाच्या पोटात तिसरा रेझिस्टर दडलाय. मधल्या फांद्या १ मेगाबिटला ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत.

सगळ्यांचा वेग एकच हवा. अनेक कीपॅड कारखान्यातून १२५ किंवा २५० किलोबिटवर येतात, ईसीयू बहुधा ५०० किंवा १००० वर असतो. चुकीच्या वेगाचं एक उपकरण अख्खी लाइन बंद पाडू शकतं. आणि कीपॅडशी संपर्क तुटला तर काय करायचं ते आत्ताच ठरवा: हेडलाइटने शेवटच्या स्थितीत राहायला हवं. रात्री घाटात कनेक्टर सैल झाला म्हणून दिवे जाता कामा नयेत.

## ११. प्रोग्रॅम

मर्यादा. स्थिर करंटच्या १.३ ते १.५ पट मर्यादा. सुरुवातीच्या उसळीसाठी वेगळी मुभा: हॅलोजनला १०० मिलिसेकंद, फॅनला एक-दीड सेकंद. ट्रिप झाल्यावर (मर्यादा ओलांडून आउटपुट बंद पडल्यावर) किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, हे लोडच्या महत्त्वावर. ईसीयू, पंप, हेडलाइट, वायपर: प्रयत्न करत राहा. हॉर्न, डीफॉगर, चार्जिंग सॉकेट: दोन-तीनदा, मग बंद.

इंडिकेटर. मिनिटाला ९० वेळा म्हणजे ३३० मिलिसेकंद चालू, ३३० बंद. हॅझर्ड चावी बंद असतानाही चालला पाहिजे, ब्रेक लाइटही. २१ वॅटचे दोन बल्ब आणि बाजूचा छोटा मिळून साधारण ४ अँपिअर होतात. करंट २.८ च्या खाली गेला तर वेग दुप्पट करा, म्हणजे बल्ब गेल्याचं चालकाला कळतं. एलईडी बल्ब असतील तर दोन सापळे: मॉसफेट बंद असतानाही किंचित करंट झिरपतो आणि एलईडी मिणमिणतात, १ किलोओहमचा रेझिस्टर अर्थला लावा. आणि डॅशवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच इंडिकेटर दिवा असेल तर त्याच्यातून करंट पलीकडे जातो आणि चारही एलईडी लुकलुकतात. तो दिवा काढून वेगळ्या आउटपुटवर घ्या.

वायपर. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मोटर थांबवायची म्हणजे नुसता पुरवठा तोडून चालत नाही. मूळ वायरिंगमध्ये पार्कच्या (वायपर विसावतो त्या) जागी आल्यावर मंद वेगाचा ब्रश (मोटरच्या आत करंट पोचवणारा कार्बनचा तुकडा) अर्थला जोडला जातो आणि मोटर जागच्या जागी थांबते. साधं पीडीएम आउटपुट फक्त १२ व्होल्ट देतं, अर्थला ओढत नाही. त्यामुळे वायपर पार्क ओलांडून पुढे सरकतो, मग परत सुरू होतो, असा खेळ चालतो. काही डब्यांत वायपरसाठी ब्रेकिंगचं खास आउटपुट असतं. नसेल तर पाच पिनांचा रिले:

- ३० नंबर: मोटरच्या मंद ब्रशला
- ८७ नंबर: पीडीएमच्या मंद वेगाच्या आउटपुटला
- ८७ए नंबर: मोटरच्या पार्क स्विचच्या मधल्या वायरला
- पार्क स्विचचं प्लस टोक: एका वेगळ्या आउटपुटला, जे चावी बंद झाल्यावरही पाच सेकंद चालू राहील
- पार्क स्विचचं दुसरं टोक: अर्थला

रिले सुटला की मोटर पार्क स्विचवर चालत घरी येते आणि तिथे अर्थ होऊन थांबते. थांबून-थांबून पुसायचं असेल तर दर चार सेकंदांनी रिले आणि आउटपुट ०.७ सेकंद चालू करा, उरलेली फेरी पार्क स्विच पूर्ण करतो.

वेगवान ब्रश चालवताना मंद ब्रश मोकळा हवा. म्हणून त्या वेळी रिले ओढलेला ठेवा पण मंद आउटपुट बंद ठेवा. रिले सोडलेला राहिला तर पार्कच्या जागी मंद ब्रश अर्थला लागतो, मोटर अर्धवट शॉर्ट होते आणि दर फेरीला आउटपुट ट्रिप होतं. लोक मग मर्यादा वाढवतात. मर्यादेचा दोष नसतो. ही मांडणी समाईक ब्रश अर्थला असलेल्या मोटरची आहे, आपली मोटर तशी आहे का ते मीटरने बघून घ्या.

पंप. चावी चालू झाल्यावर २-३ सेकंद, नंतर फक्त इंजिन फिरत असताना किंवा ईसीयू मागेल तेव्हा. धडकेचा इनर्शिया स्विच असेल तर तो या अटीत सगळ्यांच्या वर.

फॅन. पीडब्ल्यूएमने (पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून) दोन-तीन सेकंदांत हळूहळू चढवला तर सुरुवातीची उसळी जवळपास नाहीशी होते. पण मोटरला समांतर फ्रीव्हील डायोड (पुरवठा तुटल्या क्षणी मोटरच्या करंटला वाट देणारा) लागतो. काही डब्यांत तो आत असतो, काहींत बाहेर लावावा लागतो. ज्या फॅनमध्ये स्वतःचं कंट्रोलर आहे त्याला पीडब्ल्यूएमने पुरवठा देऊ नका. स्टार्टर मारताना फॅन, डीफॉगर, ब्लोअर बंद राहतील अशी अटही इथेच घाला.

स्टार्टर. चावी स्टार्टवर, न्यूट्रल किंवा क्लच दाबलेला, आणि इंजिन ४०० आरपीएमच्या खाली. तिन्ही हवेत.

अल्टरनेटर. चार्जिंगच्या दिव्याची वायर स्वतंत्र आउटपुटवर घ्या. इग्निशनबरोबर एकत्र केली तर चावी बंद केल्यावर अल्टरनेटर उलट करंट देतो आणि इंजिन चालूच राहतं. तो दिवा एलईडीचा केला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही. दिव्याला समांतर ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. दिवा किंवा रेझिस्टर न ठेवता थेट १२ व्होल्ट मात्र देऊ नका.

## १२. चाचणी, याच क्रमाने

आधी टेबलवर. पीडीएमला बेंच सप्लायवर ५ अँपिअरची मर्यादा लावून चालू करा आणि प्रत्येक आउटपुटला २१ वॅटचा बल्ब लावून पूर्ण तर्क तपासा. गाडीत हार्नेस बसल्यावर पीडीएम आणि सगळे लोड सुटे ठेवून प्रत्येक वायर ते बॉडी रोध मोजा. एक मेगाओहमपेक्षा कमी असेल तर वायर कुठेतरी चिरडली आहे.

मग पीडीएम जोडा आणि मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब मालिकेत लावून बॅटरी जोडा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे, बॅटरी काढा. पेटला नाही तर फ्यूज लावा, आणि एकेक लोड जोडत, लॅपटॉपवर करंट तक्त्याशी ताडत पुढे जा. तक्त्यात ५ असताना ३ दिसले तर बहुतेक अर्थ कच्चा आहे.

स्टार्टर मारताना व्होल्टेज बघा. थंडीत ते ७-८ व्होल्टपर्यंत पडतं. पीडीएम तिथे रीसेट होत असेल तर बॅटरी, मुख्य लग आणि अर्थ तपासा.

शेवटी चावी काढून, पीडीएम झोपल्यावर बॅटरीतून किती करंट जातो ते मोजा. ५० मिलिअँपिअर जात असेल तर ५० अँपिअर-अवरची बॅटरी तीन आठवड्यांत अर्धी होते. झोपेची अट बऱ्याचदा एखाद्या विसरलेल्या इनपुटने अडवलेली असते, दाराचा स्विच पहिल्यांदा बघा.

## १३. गाडीत काय ठेवायचं

छापलेला तक्ता, प्रत्येक कनेक्टरचं पिनचं चित्र, आणि प्रोग्रॅमची फाइल पेन ड्राइव्हवर, फाइलच्या नावात तारीख घालून. फर्मवेअर अपडेट केलं तर जुनी फाइल उघडते का ते घरीच बघा. एक मोकळं आउटपुट फक्त आणीबाणीसाठी वायर काढून ठेवलेलं असलं तर पंपाचं आउटपुट रस्त्यात गेलं तरी तो त्याच्यावर फिरवून घरी पोचता येतं. त्यासाठी पंपाच्या मर्यादा त्या आउटपुटवर आधीच भरून ठेवा, कारण त्या वेळी लॅपटॉपची बॅटरी संपलेली असते.